आमले कोन इचारस?

रस्ता रुंद करायच्या खुणा भिंतींवर पडल्या, भाजीबाजाराची जागा हलली, परवाच डांबर टाकलेली गल्ली पाइपलाइनसाठी पुन्हा उकरली, की चोपड्यातल्या चहाच्या टपरीवर एक अहिराणी वाक्य ठरलेलं असतं: ‘आमले कोन इचारस भो?’ म्हणणारा हसत म्हणतो. त्यात तक्रार असते आणि थोडी सुटकाही असते. विचारलं नाही म्हणजे उद्या चुकलं तर ते आपल्या माथी नाही. गावाचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र ठरवताना गावकऱ्यांना सामील करून घ्यावं, हे आता प्रत्येक सरकारी पुस्तिकेत असतं. ‘शाश्वत’ हा शब्द पूर्वी कीर्तनकारांचा होता, आता तो शासन निर्णयांत सापडतो. पण सामील करून घ्यायचं म्हणजे कधी, कुणाला आणि कशात, हा प्रश्न बाकी राहतोच. तो तपासायला चोपडा ही चांगली जागा आहे.

चोपडा हे तापीच्या उत्तरेचं, सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बहात्तर हजारांच्या घरात होती. रेल्वे नाही; गाडी पकडायची तर तापी ओलांडून अमळनेर किंवा धरणगाव. पण रस्त्यावरचं गाव म्हणून त्याची ओळख जुनी आहे. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना थाळनेर, चोपडा, यावल, रावेर असा गेला, आणि चोपड्याची नोंद त्याने मोठं गाव म्हणून केली. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता आजही साधारण त्याच रेषेवर आहे. भोवती कापूस आणि केळी, उत्तरेला डोंगर, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास.

आता या तालुक्यातली एक विसंगती बघा. शहरातून उत्तरेला निघालं की तासाभरात सत्रासेन, उमर्टीच्या बाजूला पावरा, बारेला, भिल्लांचे पाडे लागतात. तालुक्यातली अशी २५ गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. म्हणजे तिथे पेसा कायदा लागू आहे: केंद्राचा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. तिथल्या ग्रामसभेला जमीन, पाणवठे, गौण वनोपज, गावात काय बांधायचं, यांवर कायद्याने बोलण्याचा अधिकार आहे. एखाद्या पाड्याला वाटलं तर तो स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. त्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले. ते कागदावरून जमिनीवर आणायला मोर्चे काढावे लागले हा भाग वेगळा. लोक संघर्ष मोर्चाच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईला चालत गेलेल्यांत खानदेशातले आदिवासी होते. यातल्या अनेक ग्रामसभा फक्त रजिस्टरवर भरतात, हेही खरं. पण भरवायची म्हटली तर भरवता येते. बसायला जागा आहे, आणि त्या जागेला कायद्यात नाव आहे.

चोपडा शहरातल्या शिक्षकाला, व्यापाऱ्याला, हमालाला अशी जागा नाही. पाड्यावरच्या माणसाने शहरात येऊन भाड्याची खोली घेतली की नियोजनापुरता त्याचा अधिकार कमी होतो. हे माझ्या अतिशयोक्तीतून आलेलं नाही, कायद्याच्या रचनेतूनच येतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. चोपडा, शिरपूर, अमळनेर, यावल ही सगळी त्या रेषेखाली. ग्रामसभेसारखी शहरातही मतदारांची ‘क्षेत्र सभा’ असावी अशी तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात घातली. केंद्राचा शहर विकासाचा निधी हवा होता आणि ती त्याची अट होती. अट पुरी झाली, सभा मात्र भरली नाही. भर म्हणजे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती २०२१-२२ च्या सुमारास संपल्या आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांनीच कारभार पाहिला. वॉर्डात गटार तुंबली तर ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असा नगरसेवकही तेवढा काळ नव्हता.

मग शहरातल्या माणसाच्या हातात उरतं काय? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात तो विकास आराखडा याच कायद्याखाली होतो. क्रम साधारण असा: नगरपरिषद आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, मग सध्याच्या जमीन-वापराचा नकाशा बनतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि तीस दिवस हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या ऐकायला नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. शेवटी शासन मंजुरी देतं. वीस वर्षांसाठी गावाचा साचा ठरतो, आणि त्यात सामान्य रहिवाशाला प्रारूपावर बोलायला मिळतात तीस दिवस. तेही नकाशा रंगवून झाल्यावर.

नकाशा भिंतीवर लागला की कोण येतं? ज्याचा प्लॉट आहे तो येतो. आपला गट नंबर शोधतो, त्यावर हिरवा रंग दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. बाग, शाळा, भाजीबाजार, डीपी रोड, काहीही असो, हरकतीचा मजकूर एकच: माझ्या जागेवरचं आरक्षण उठवा. त्यात त्याचं चुकत नाही. आयुष्यभराची कमाई त्या गुंठ्यांत असते. पण त्या बागेत जी मुलं खेळली असती त्यांच्या वतीने अर्ज करायला कुणी येत नाही. भाडेकरू तर नाहीच नाही. लोकसहभाग म्हणून जे मोजलं जातं ते बऱ्याचदा मालकांचं गाऱ्हाणं असतं. आणि आरक्षण टिकलं तरी पुढे कलम १२७ आहे: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, त्यानंतर चोवीस महिन्यांत नगरपरिषदेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. लहान नगरपरिषदेकडे भूसंपादनाचे पैसे कुठून येणार? म्हणजे आराखड्यातल्या बागा वाळत नाहीत, मुदत संपून जातात.

मोठ्या शहरांत तरी वेगळं आहे का, तर थोडं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा आला तेव्हा त्यात उभ्या असलेल्या वास्तूच चुकीच्या दाखवलेल्या निघाल्या. हरकती हजारोंनी आल्या, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा पुन्हा करायला सांगितला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये. यातून कुणी ‘लोकांचा विजय’ काढतं. मला त्यात दुसरंच दिसतं: वस्तीत फिरून, विचारून नकाशा केला असता तर ती चूक पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

गोव्याने हे उलट्या टोकाने करून पाहिलं. २००६ साली अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने जानेवारी २००७ मध्ये सरकारने मागे घेतला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासह एक कृतिदल बसवलं गेलं, नव्या ‘आराखडा २०२१’ साठी पंचायतींकडे त्यांच्या गावाचे नकाशे गेले. शेत कुठलं, खाडीकाठची खाजन जमीन कुठली, वस्ती किती वाढू द्यायची, हे गावाने सांगायचं होतं. नाल्याचं पाणी कुठे जातं यावर लोक नकाशा पसरून भांडले. पुढे २०१२ मध्ये सरकार बदललं आणि आराखडा स्थगित झाला. गोव्याचं उदाहरण देणारे बहुतेक लोक हा शेवटचा भाग सांगत नाहीत. लोकांनी काढलेला नकाशा मंजूर करणं सरकारवर बंधनकारक नसेल, तर तो फक्त चांगला नकाशा राहतो.

पण आपण गोव्याला आणि मुंबईला कशाला जातो? खानदेशाच्या मातीत याहून जुना धडा आहे. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर, धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खाली भिजणारी सगळी जमीन फडांमध्ये वाटलेली, बहुधा तीन किंवा चार. एका फडात एकच पीक. कुठल्या फडात यंदा ऊस आणि कुठल्यात कमी पाण्याचं पीक हे शेतकरी दरवर्षी एकत्र बसून ठरवत, आणि पुढच्या वर्षी पाळी फिरत असे. यातली खरी हुशारी पाटात नाही, जमिनीच्या वाटणीत आहे: बहुतेकांचे तुकडे एकाहून जास्त फडांत असत, त्यामुळे एका फडाला झुकतं माप द्यायला कुणाला फायदाच नव्हता. पाऊस कमी झाला तर कमी फड भिजवायचे, आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली, त्यांचं मानधन शेतकऱ्यांनीच द्यायचं.

याला कुणी ‘सहभाग’ म्हणत नव्हतं. पण आजच्या शहरी सुनावणीत जे नाही ते तिथे सगळं होतं. बैठक दरवर्षी होत होती, वीस वर्षांतून एकदा नाही. ठरवलेलं ठरवणाऱ्यालाच लागू होत होतं. आणि कुणाची जमीन एकाच ठिकाणी अडकलेली नसल्याने ‘माझ्या प्लॉटवरचं उठवा’ हे वाक्यच तिथे निरर्थक होतं. विहिरी, पंप आणि धरणं आल्यावर बहुतेक ठिकाणी ही घडी मोडली. जो तो आपापल्या मोटारीचा मालक झाला. तिचे गोडवे गाऊन ती परत येणार नाही. जातीची उतरंड त्या बैठकीतही होतीच, हेही विसरू नये.

अलीकडचं उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं. गावाभोवतीचं जंगल उजाड झालेलं, विहिरी कोरड्या. नव्वदच्या दशकात चैत्राम पवारांनी गावकऱ्यांना घेऊन नियम केले: झाड तोडलं तर दंड, राखणदार गावाचा, दंडही गावानेच वसूल करायचा. आज तिथे चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे आणि दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

याच्या शेजारीच उलटा दाखलाही आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. अनेर ओलांडली की शिरपूर. २००४ च्या सुमारास तिथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून त्यांवर दारं नसलेले बंधारे बांधायला सुरुवात केली. मागे अमरीशभाई पटेलांचं राजकीय आणि आर्थिक पाठबळ होतं. कठीण थर फोडून पाणी खाली सोडायचं, ही कल्पना एका जाणकाराची. अंमल एका नेत्याचा. ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. लोकांना विचारून झालेलं ते काम नव्हतं, आणि विहिरींना पाणी आलं. तेव्हा ‘लोकांना विचारल्याशिवाय काही चांगलं होत नाही’ हे वाक्य खानदेशात तरी जपून म्हणावं. माझं म्हणणं एवढंच, की जाणकार आणि नेता दोघेही एकाच वेळी चांगले मिळणं हा योग असतो, आणि योगावर वीस वर्षांचा आराखडा बांधता येत नाही. शिवाय पाणी आल्यावर ते कुणी किती उपसायचं, हे कुठलाही भूवैज्ञानिक ठरवून देऊ शकत नाही. तिथे पुन्हा फडासारखी बैठकच लागते.

उपशाचा हा प्रश्न चोपड्याच्या मुळाशी आहे. सातपुडा उतरून नद्या सपाटीला लागतात तिथे गोटे, वाळू आणि रेतीचा एक पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी याच पट्ट्यात मुरतं आणि खाली तापीच्या गाळाच्या थरांत साठतं. केळीने आणि कूपनलिकांनी ते इतकं खेचलं, की भूजल अहवालांत यावल-रावेरची नावं अतिशोषित तालुक्यांत आली. यावर उपाय म्हणून तापी मेगा रिचार्जची योजना आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी भोपाळमध्ये करारावर सह्या केल्या. पण शहराचा विकास आराखडा नगरपरिषदेच्या हद्दीवर संपतो. ज्या जमिनीत शहराचं पाणी मुरतं ती हद्दीबाहेर, तिच्यावर उद्या लेआउट पडला तर शहरवासीयाला हरकत घ्यायचाही अधिकार नीटसा नाही. आणि वर डोंगरात जंगल राखलं तर खाली पाणी मुरणार. ते राखणारी ग्रामसभा पावऱ्यांची, तिला या शहराने कधी काही देऊ केलेलं नाही. चोपड्याच्या शाश्वत भविष्याची बैठक खरं तर सत्रासेनच्या लोकांना शेजारी बसवल्याशिवाय पुरी होत नाही. घटनेने यासाठी जिल्हा नियोजन समिती ठेवली आहे. गाव आणि शहर दोन्हींचा मेळ घालणं हेच तिचं काम. प्रत्यक्षात तिच्या बैठकीच्या बातम्या येतात त्या निधीच्या आकड्यांच्या आणि पालकमंत्र्यांच्या.

निधीवरून आठवलं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्तीसभांना अंदाजपत्रक ठरवू दिलं. केरळने १९९६ मध्ये योजनेच्या पैशातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेते, पण ती पदपथ, बाक, दिवे या पातळीची आणि एकूण अंदाजपत्रकाच्या अगदी छोट्या हिश्शापुरती. तरीही लहान गावाला हा रस्ता जास्त सोपा आहे असं मला वाटतं. वेंगुर्ल्याचं बघा: दहा-बारा हजार वस्तीचं गाव, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरात कचरा वेगळा होऊ लागला आणि डंपिंगची जागा बघण्यासारखी झाली. तिथे लोकांनी आराखडा काढला नाही, पण रोज सकाळी दारात तो पाळला. चोपड्यासारख्या नगरपरिषदा राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात २०२० पासून गुण मिळवायला धडपडतात. भिंती रंगतात, घोषणा होतात. गुण मिळतात, पण भूमी, जल, वायू यांचं काय करायचं हे कुठल्या प्रभागाने बसून ठरवलं, याची तपासणी कुणी करत नाही.

शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडेस नावाचा स्कॉटिश नियोजनकार आपल्या भागात हिंडत होता. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. सातपुड्याच्या पलीकडे, इंदुरात प्लेग असताना, त्याने होळकरांकडून एका दिवसापुरती सत्ता मागून घेतली आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक ज्या गल्ल्यांत सर्वांत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झाली असतील त्यांच्यातूनच जाईल. गावाने घरं झाडली, रंगवली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. आधी निदान, मग उपचार, असं तो म्हणे. निदानासाठी गल्लीगल्ली पायी फिरे आणि जुनी वस्ती पाडण्याऐवजी दोन भिंती हलवून हवा खेळती करे. मला त्याच्या मिरवणुकीपेक्षा त्याचं ते पायी फिरणं महत्त्वाचं वाटतं.

कारण कायद्यातच एक फट आहे जिथून रहिवासी आत शिरू शकतात, आणि ती हरकतींच्या तीस दिवसांच्या कितीतरी आधी येते. आराखड्यापूर्वी सध्याच्या जमीन-वापराचा नकाशा करावा लागतो. त्या वेळी कुणी लोकांना बोलवा असं म्हटलेलं नाही, पण बोलवू नका असंही म्हटलेलं नाही. लेआउटमध्ये सोडलेली दहा टक्के खुली जागा आज कुठे आहे? कुठे तिच्यावर आमदार निधीतून सभामंडप उभा आहे, कुठे ट्रॅक्टर लागतात, कुठे खरंच मुलं खेळतात. कुठल्या गल्लीत दुपारी सावली असते आणि कुठल्या चौकात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पहाटे रिक्षाची वाट बघत उभ्या असतात? यांची यादी करायला सल्लागार कंपनी लागत नाही. दोन रविवार, एक शाळा आणि प्रत्येक प्रभागातली दहा माणसं पुरतात. ही बैठक मात्र दुपारी तीनला, कापसाच्या वेचणीत ठेवू नये, नाहीतर त्याच बाया तेवढ्या नसतील.

आणि पावसाळ्यात एकदा फिरायला हवं. सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं तर सातपुड्याकडून येणारा नाला कोरडाठाक असतो. नकाशावर तो मोकळी जागा म्हणून येतो, आणि मोकळ्या जागेवर प्लॉट पडतात. जुलैच्या एखाद्या रात्री पाणी कुठल्या ओट्यापर्यंत चढतं, हे त्या ओट्यावर झोपणाऱ्याला माहीत असतं. त्याच्या दारापर्यंत कुणी नकाशा नेलेला नाही.